मदत हवी आहे: मशीन थांबवू देत नाहीत, बंद पडलं की शिव्या मात्र मला

दहाचा_पाना
जळगाव एमआयडीसी, चटईचं युनिट, सहा वर्षं झाली. काल रात्री दीडला परत फोन. तेच, तिसरा झोन. फेब्रुवारीपासून सांगतोय, चार तास द्या. देत नाहीत. सामान मागितलं तर स्टोअर म्हणतं साहेबांची सही आणा, साहेब म्हणतात आधी तीन कोटेशन आणा. आणि तुटलं की शेठसमोर उभा मी. परवा पोरीवर ओरडलो, तिने नुसतं पेन मागितलं होतं. अशा वेळी डोकं ताळ्यावर कसं ठेवता तुम्ही लोक? योगा सांगू नका.

गिरणाथडी
तिसरा झोन कशाचा? साहेब कोण, प्रॉडक्शनचे की मेंटेनन्सचे? तुम्ही फिटर की इन्चार्ज? अर्ध्या गोष्टी पोटातच ठेवल्यात.

दहाचा_पाना
एक्स्ट्रुडरचा, अजून कशाचा. प्लास्टिक वितळवून चटईची नळी काढतो तो. त्याच्या तिसऱ्या तापवायच्या भागाचा हीटर. लूमला झोन असतात का? मेंटेनन्स म्हणजे मी आणि एक हेल्पर. साहेब प्रॉडक्शनचे, शेठचे भाचे.

केळीवाला_रावेर
भाऊ, सोडा ती नोकरी. टिश्यू कल्चरची रोपं लावा, वर्षाच्या आत घड कापायला येतो. आपल्या केळीला 2016 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय.

तापीकाठ
आणि भाव व्यापारीच ठरवतो. गेल्या पावसाळ्यात केळीवर हरण्या रोग आला म्हणून झाडं उपटून बांधावर टाकत होते ते तुम्हीच ना? त्याला शेती आहे का हे तरी विचारा.

निवृत्त_फोरमन_भुसावळ
सगळं लेखी द्या. शटडाउन, म्हणजे मशीन बंद ठेवायची वेळ, मागितला तर लेखी, नाकारला तर लेखी. माझी 34 वर्षं त्याच्यावर निभावली. कागद असला की कोणाची बोट दाखवायची टाप नाही.

गिरणाथडी
काका, तुमची सरकारी नोकरी होती. इथे भाच्याविरुद्ध कागद केला तर महिनाभरात हिशेब हातात देतील. जळगाव केवढं, पुढच्या युनिटला अर्ज पोचायच्या आधी फोन पोचतो.

निवृत्त_फोरमन_भुसावळ
म्हणूनच तर तुमच्या पिढीला रात्री दीडला फोन येतात.

सुलभा_चोपडा
मी जिल्हा परिषदेची शिक्षिका. आमचंही तेच आहे दादा. वर्गात पाय ठेवला की अमुक माहिती बारापर्यंत भरा. फोटो टाका, लिंक भरा. मुलं फळ्याकडे बघत बसतात, आणि चाचणीत मागे पडली की खुलासा आम्हीच द्यायचा.

तापीकाठ
ताई, उन्हाळी सुट्टी तरी आहे तुम्हाला. हा 45 अंशात पत्र्याच्या शेडखाली हीटरशेजारी उभा असतो.

सुलभा_चोपडा
उन्हाळ्यात या एकदा, दाखवते सुट्टी. असो. दादा, झोप लागत नसेल तर 14416 ला फोन करा, टेली मानस. फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात.

दहाचा_पाना
ताई, मी वेडा नाही. झोप लागते, फोन लागू देत नाही.

सुलभा_चोपडा
वेडा कुठे म्हटलं? मी स्वतः केला होता गेल्या वर्षी.

दहाचा_पाना
चुकलं ताई. नंबर ठेवतो.

धुळेकर_फिटर
तुन्हा साहेब आनी मन्हा साहेब एकच शाळाना शेतस. आता कामाचं विचारतो. हीटर बदलायला चार तास कशाला? आणि याआधी कधी शटडाउन मिळाला होता का?

दहाचा_पाना
हीटरसोबत गिअरबॉक्सचा ऑइल सील, तेल अडवणारी रिंग, तोही बदलायचाय, रोज तेल टिपकतं, खाली डबा लावलाय. झोन थंड म्हणून ऑपरेटर बाजूचे दोन झोन वीस अंशांनी चढवून ठेवतो. मग माल जळतो, नळीत काळे ठिपके येतात, लूमवर तुटते. ती बोंबही माझ्याच नावाने.
शटडाउन मिळाला होता, दिवाळीआधी. दोन तास सांगितले, अकरा लागले. उघडल्यावर कळलं की स्टोअरमध्ये सील आहे तो दुसऱ्याच मापाचा.

धुळेकर_फिटर
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं ना भो! भाच्याच्या डोक्यात तुमचे चार तास म्हणजे बावीस. मी असतो तरी दिले नसते.

दहाचा_पाना
म्हणजे चूक माझीच? स्टोअरवर काही नाही?

धुळेकर_फिटर
चूक स्टोअरची, पण अकरा तास तुमच्या नावावर बसले. आता वेळ मागू नका, आधी सामान जमवा. सील, हीटर, तापमान मोजायचं थर्मोकपल, सगळं माप लावून टेबलावर मांडा आणि मग त्याला बोलवा. फेब्रुवारीपासून मशीन किती तास बंद पडलं?

दहाचा_पाना
लॉगबुक बघून सांगतो.
(रात्री) 31 तास.

निवृत्त_फोरमन_भुसावळ
बघा! शेवटी कागदच लागला.

गिरणाथडी
काका, हा कागद शेठला दाखवायचा, भाच्यावर फेकायचा नाही. 31 तासांचा माल किलोत मांडा. शेठ लोकांना तास कळत नाहीत, किलो कळतात.

केळीवाला_रावेर
बामणोदची वांगी आली आहेत बाजारात. भरीत पार्टी ठेवा, भाच्यालाही बोलवा.

तापीकाठ
तुम्ही धागा वाचता का हो कधी?

दहाचा_पाना
आज भाच्याला किलो दाखवले. सही केली नाही, पण दोनदा वाचलं आणि विचारलं, सामान आहे का. हीटर पुढच्या लायनीचा जास्तीचा निघाला. अडलंय सीलवर. स्टोअर परत कोटेशनवरच.

धुळेकर_फिटर
माप टाका.

दहाचा_पाना
आतून 45, बाहेरून 62, जाडी 8.

धुळेकर_फिटर
माझ्या पेटीत दोन पडलेत. सकाळच्या एसटीने साडू जळगावला येतोय. स्टँडवर कोण येईल, तुम्ही की हेल्पर?