ग्राफीन, नॅनोट्यूब आणि आपली फुप्फुसं: भीती खरी की फुगवलेली?

रसायनप्रेमी
'नॅनो' म्हणजे मीटरच्या अब्जांश मापातलं काही म्हटलं की लोक घाबरायला तयारच असतात. २०२१च्या एप्रिलमध्ये हेल्थ कॅनडाने ग्राफीनचे (कार्बनचा एका अणूइतका पातळ थर) मास्क वापरू नका म्हणून सांगितलं. जुलैत तपासणीनंतर त्यातल्या काही मॉडेल्सना परवानगीही दिली. पण लक्षात राहिली ती फक्त बंदी! २०२४मध्ये एडिंबरात १४ स्वयंसेवकांना पातळ ग्राफीन ऑक्साइड दोन तास हुंगवलं. फुप्फुसं, रक्तदाब, दाह, कशावरही ठळक दुष्परिणाम दिसला नाही. आपण स्वतः कार्बनचेच बनलेलो आहोत, मग एवढी धास्ती कशाला?

कोकणी_शंकेखोर
शेवटचं वाक्य अगदीच लंगडं. हिरा खाऊन बघणार का? प्रश्न कणाच्या लांबीचा आणि ठेवणीचा आहे. २००८मध्ये त्याच एडिंबराच्या संशोधकांनी लांब, सरळ नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) उंदरांच्या पोटाच्या पोकळीत सोडल्या, तर ॲस्बेस्टॉससारखाच दाह आणि गाठी दिसल्या. शरीराची सफाई करणारी मॅक्रोफेज पेशी बाहेरचा कण गिळून टाकते. १५-२० मायक्रॉनपेक्षा लांब तंतू तिला पुरता गिळता येत नाही. तो अर्धा आत, अर्धा बाहेर राहतो आणि पेशी दाहक रसायनं ओकत बसते. १४ जण आणि दोन तास! ॲस्बेस्टॉसचा कर्करोग वर यायला २०-४० वर्षं लागतात, साहेब.

रसायनप्रेमी
त्याच प्रयोगात आखूड, गुंतलेल्या नळ्यांनी तसं काही केलं नाही, ते का गाळलंत? शिवाय २०१०मध्ये दिसलं की न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशीतलं मायलोपेरॉक्सिडेज हे विकर (एन्झाइम) एकभिंती नळ्यांचं विघटन करू शकतं. आणि २०१४मध्ये आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फक्त एमडब्ल्यूसीएनटी-७ हा बहुभिंती नळ्यांचा एक प्रकार 'कर्करोगकारक असू शकेल' अशा २बी गटात टाकला. बाकी सगळ्या नॅनोट्यूब गट ३मध्ये.

कोकणी_शंकेखोर
गट ३ म्हणजे 'वर्गीकरण करण्याइतका पुरावा नाही'. 'सुरक्षित' नव्हे. हे सोयीस्करपणे वाचणारे तुम्ही पहिले नाही.

रेझिनवाला
मी कंपोझिटच्या, म्हणजे रेझिनमध्ये तंतू मिसळून वस्तू बनवण्याच्या कामात आहे. रॅकेट किंवा सायकलची फ्रेम हातात धरणाऱ्याने झोप उडवून घेऊ नये, नळ्या तिथे इपॉक्सी रेझिनमध्ये घट्ट बसलेल्या असतात. धोका असतो तो पावडर तोलताना आणि घासकाम करताना. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेने २०१३मध्ये शिफारस केलेली मर्यादा आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १ मायक्रोग्रॅम आहे. एवढं मोजायचं यंत्र मी काम केलेल्या एकाही शेडमध्ये पाहिलेलं नाही. पिशवीवर नुसतं 'कार्बन' छापलेलं असतं, नळीची लांबी कोण सांगणार?

रसायनप्रेमी
हे मान्य. पण मग भांडण मोजमापाशी आहे, पदार्थाशी नाही. डिझेलचा धूर २०१२पासून आयएआरसीच्या गट १मध्ये, म्हणजे नक्की कर्करोगकारकांत आहे, त्यातही नॅनो आकाराचे काजळीकण असतातच. तो धूर आपण रोज हुंगतो, त्याचं काय?

कोकणी_शंकेखोर
एक विष आधीच हवेत आहे म्हणून दुसऱ्याला आमंत्रण? रेझिनवाले, तुम्ही पुरवठादाराकडे लांबीचा आकडा लेखी मागा. नाही दिला, तर माल परत पाठवा.

रेझिनवाला
परत पाठवणारा मी कोण? माल शेठ घेतात, मी मिसळतो. मास्क तेवढा माझा मी आणतो.