मदत हवी आहे: ८ ओहमच्या कॉम्बोला १६ ओहमचं कॅबिनेट, सिलेक्टर कुठे ठेवावा?

५० वॅटचा ट्यूब कॉम्बो (अँप आणि स्पीकर एकाच पेटीत असलेला गिटार अँप) आहे, त्याला बाहेरून वेगळं स्पीकर कॅबिनेट जोडायचं आहे. आतला स्पीकर ८ ओहम, ६० वॅट. मागे ४-८-१६ ओहमचा सिलेक्टर, म्हणजे अँपला स्पीकरच्या भाराशी जुळवणारा स्विच. दोन्ही स्पीकर जॅक पॅरललमध्ये आहेत (मीटरने तपासलंय), म्हणजे १६ ओहमचं कॅबिनेट जोडल्यावर एकूण भार ५.३३ ओहम. केबल जाड स्पीकर केबलच आहे, गिटारची शिल्डेड नाही.

माझा कल ४ कडे आहे, तफावत तिथे कमी पडते. पण भार टॅपपेक्षा (सिलेक्टरवर निवडलेल्या ओहमपेक्षा) जास्त असला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर (ट्यूब आणि स्पीकर यांना जोडणारा ट्रान्सफॉर्मर) व्होल्टेजचा ताण वाढतो. ८ वर ठेवलं तर पॉवर ट्यूबमधून करंट जास्त. फुल व्हॉल्यूमला दीर्घकाळ कोणतं सुरक्षित?

शिवाय कॅबिनेटला एक तृतीयांशच, साधारण १७ वॅट मिळतील. त्याची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच वॅटला किती मोठा आवाज) ३ डेसिबलने जास्त असेल तर आवाज खरंच आतल्या स्पीकरच्या बरोबरीचा येतो का? प्रत्यक्ष वाजवून पाहिलेल्यांनी कृपया सांगा.