मदत हवी आहे: बबल टीचे मोती सहा तास मऊ कसे ठेवायचे?

मंडळी, रविवारी सोसायटीत तीसेक जणांना पहिल्यांदाच बबल टी द्यायचा आहे. 1980च्या दशकात तैवानमध्ये सुरू झालेला हा गार दूध-चहा, तळाशी टॅपिओकाचे काळे मोती. आपला साबुदाणाही त्याच कंदाचा, त्यामुळे चव परकी वाटू नये. पण मोती चावून खायचे, गिळायचे नाहीत, हे आधी सांगणार आहे. अगदी लहान मुलांना बिनमोत्यांचाच, घशात अडकायची भीती असते.

ग्लासमागे 150 मिली कडक कोरा आसाम चहा, 60 मिली दूध, बर्फ. हे जमतं.

अडचण मोत्यांची. वाटीभर सुक्या मोत्यांना 8 वाट्या पाणी, तेही खळखळ उकळल्यावरच मोती टाकायचे. गार पाण्यात लगदा होतो. 25-30 मिनिटं शिजवून तेवढाच वेळ झाकून, धुऊन ब्राऊन शुगरच्या पाकात. तरी चारेक तासांनी ते कडक होऊ लागतात. फ्रिजमध्ये तर स्टार्च आखडतो आणि आतून खडूसारखे लागतात.

कोमट पाकात, कॅसरोलमध्ये ठेवले तर टिकतील का? पाक किती दाट हवा? की दोन घाणे करणंच बरं? आणि 12 मिमीचे जाड स्ट्रॉ पुण्यात सुटे कुठे मिळतील?