१ नोव्हेंबरच्या दिनविशेषात फक्त काळा दिन असावा का?

शहापूरकर:
आमच्या गल्लीतल्या वाचनालयाच्या दारात फळा आहे, त्यावर रोज खडूने दिनविशेष लिहितात. १ नोव्हेंबरला काय लिहायचं यावरून यंदा बैठकीत दोन तट पडले. काहींचं म्हणणं, त्या दिवशी फळ्यावर दोनच शब्द हवेत: काळा दिन, म्हणजे बेळगाव महाराष्ट्राबाहेर राहिलं म्हणून आपण सीमाभागातली मराठी माणसं पाळतो तो निषेधाचा दिवस. माझं मत वेगळं आहे. १७५५ चा लिस्बनचा भूकंप, १८५८ चा राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा, १९४५ मधला अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा जन्म, हे सगळं यायला हवं. शाळेला जाणारी पोरं थांबून वाचतात तो फळा.

निपाणीकर:
काका, मला हे अजिबात पटलं नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला आपला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून काढून म्हैसूर राज्याला जोडला. चंदगड तालुका तेवढा वगळला, म्हणून तो आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे. एका घरच्या दोन लेकी, एक चंदगडला दिलेली आणि एक बेळगावला, त्यांची राज्यं वेगळी झाली. त्याच वर्षी १७ जानेवारीला बेळगावात गोळीबार झाला होता, माणसं गेली होती. दरवर्षी आपण दंडाला काळी फीत बांधून सायकल फेरीला जातो. आणि फळ्यावर हा दिवस लिस्बनच्या खाली कुठेतरी चौथ्या ओळीत? असं नका करू.

खानापूरची लेक:
दादा, दोनच शब्द लिहिले तर सहावीतल्या पोराला त्यातून काय कळणार? चंदगडचं तुम्ही आत्ता सांगितलंत तेच फळ्यावर लिहा की! त्याच दिवशी केरळ आणि आंध्र प्रदेश झाले, १९७३ ला त्याच तारखेला म्हैसूरचं कर्नाटक झालं, २०१४ ला बेळगावचं बेळगावी. शेजारची कन्नड पोरं त्या सकाळी कर्नाटकाचा लाल-पिवळा झेंडा घेऊन का निघतात, हेही आपल्या पोरांना कळायला हवं. १९५६ सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, याला माझा पाठिंबा. पण लिस्बन पुसू नका. भूकंप, मागून समुद्राची लाट, मग आग, असं ते शहर गेलं, आणि ती पोर्तुगालची राजधानी होती. आमच्या घाटाखाली गोव्यात त्यांचंच राज्य होतं.

निपाणीकर:
ताई, तुमचा मुद्दा ओळी वाढवण्याचा, तो समजला. पण राणीच्या जाहीरनाम्याचा आपल्याशी काय संबंध?

शहापूरकर:
आहे ना, माझ्या गावाशीच आहे. कंपनीचा कारभार संपवून राणीने राज्य हातात घेतलं आणि आहे त्यापेक्षा मुलूख वाढवायचा नाही, असं संस्थानिकांना वचन दिलं. त्यामुळे उरलेली संस्थानं टिकली. शहापूर सांगलीकर पटवर्धनांचं, लागून असलेलं बेळगाव इंग्रजांचं! आज चालत जाता येतं त्या दोन पेठांमध्ये तेव्हा राज्याची हद्द होती. सीमा आपल्याकडे १९५६ च्या आधीपासून माणसांच्या मधून जाते आहे, आणि हे पोरांना दुसरं कोण सांगणार?

निपाणीकर:
हे मान्य. पण दाभोलकरांना २० ऑगस्टला घ्या, त्यांचा खून झाला त्या दिवशी.

खानापूरची लेक:
दोन्ही दिवशी घ्या. जन्म साताऱ्याचा, खून २०१३ ला पुण्यात. २०१५ च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात कम्युनिस्ट नेते-लेखक गोविंद पानसऱ्यांवर गोळ्या झाडल्या, ऑगस्टमध्ये धारवाडला कन्नड लेखक कलबुर्गींवर, घराच्या दारात. सातारा, कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, धारवाड हा एकच हमरस्ता आहे, दादा, तुमच्या गावावरून जाणारा. मराठीत लिहिणारा आणि कन्नडमध्ये लिहिणारा सारखेच मारले गेले. काळ्या दिनाच्या फळ्यावर दाभोलकरांचं नाव आलं तर महाराष्ट्रात जाण्याच्या आपल्या मागणीला कमीपणा येतो, असं मला मुळीच वाटत नाही.

निपाणीकर:
कमीपणा येतो असं मी म्हटलं नाही. दाभोलकर राहू द्या. १९५६ सगळ्यात वर, चंदगडसकट, आणि १७ जानेवारीचा उल्लेख त्याच ओळीत. लिस्बनला माझा विरोध आहे तसाच आहे, पुढच्या बैठकीत मी तो मांडणार.