शब्दचर्चा : मकलूबा, दग्गा, मरब्बा (आणि आपला मुरांबा)

शेपूची जुडी :

बर्लिनच्या नॉयकोल्न भागात झॉननआले नावाचा लांबलचक रस्ता आहे. जर्मन नावाचा अर्थ सूर्याचा रस्ता, पण तिथले लोक त्याला 'शारेअ अल-अरब' म्हणतात. अरबांचा रस्ता. १९७५ नंतर लेबनॉनच्या यादवीतून निघालेली बरीच पॅलेस्टिनी कुटुंबं इथे येऊन राहिली, पुढे २०१५ च्या सुमारास सिरियन आले. मी सहा वर्षं या शहरात आहे आणि त्यातली पहिली चार वर्षं या रस्त्यावर फलाफलच्या पुढे गेलेच नाही. पाटीवर कुठे 'लेबनीज', कुठे 'ओरिएंटल'. आत सगळीकडे तेच मिळत असणार, अशी माझी पक्की समजूत.

मग एका शुक्रवारी एका चार टेबलांच्या पॅलेस्टिनी खाणावळीत शिरले. मालकीणबाई नेमक्या पातेलं उपडं करायच्या तयारीत होत्या. पातेल्यावर परात पालथी घातली, दोन्ही बाजूंनी फडक्यात धरून एका झटक्यात सगळं उलटं केलं. मला वाटलं आता पातेलं उचलतील. छे! लाकडी चमच्याने बुडावर टकटक केलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "इस्तन्नी, इस्तन्नी." म्हणजे थांब. पाच मिनिटं पातेलं तसंच. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत बसलो. मग हळूच वर उचललं. वाफेचा लोट, खाली भाताची मूद, तिच्या डोक्यावर तळलेल्या वांग्याचे काप आणि फ्लॉवरचे तुरे, कडेने कोंबडीचे तुकडे. नाव विचारलं तर 'मअलूबे'. अर्थ विचारला तर त्यांनी नुसता तळहात पालथा करून दाखवला.

उलटलेली. बस, एवढंच नाव.

घरी येऊन बाकीच्या नावांच्या मागे लागले, आणि जे सापडलं त्यासाठी हा धागा. या स्वयंपाकातली निम्मी नावं म्हणजे कर्मणी धातुसाधितं आहेत. पदार्थाचं काय केलं, तेच त्याचं नाव. महशी म्हणजे भरलेलं (कोवळी भोपळी, वांगी, काहीही). मुसख्खन म्हणजे तापवलेलं. मुतब्बल म्हणजे मसाला लावलेलं. इथे ते भाजल्या वांग्याचं ताहिनी (वाटलेले तीळ) घालून केलेलं भरीत. आणि माझी सगळ्यात आवडती मुजद्दरा, मसूर घातलेला भात किंवा बुलगूर (गव्हाचा दलिया). मुजद्दरा म्हणजे देवीचे व्रण असलेली! पांढऱ्या भातात काळपट मसूर म्हणून. असलं नाव ठेवून वर चवीने खाणारे लोक मला फार आवडतात.

आता प्रश्न. आपल्याकडे भरली वांगी, वाटली डाळ, दडपे पोहे आहेतच. क्रियेवरून पडलेली अशी आणखी नावं सांगा. आणि अरबीतून थेट आलेलं असं एखादं आपल्या ताटात आहे का?

—

तिरफळ :

ठेचा! आणखी काय पाहिजे? पोळीचा कुस्करा. घोटलेलं वरण.

कुस्करा म्हणताना आठवलं, तुमच्या त्या खाणावळीत 'फत्ते' मिळत असेल तर नक्की खा. शिळ्या रोटीचे तुकडे, वर छोले, वर दही. फ-त-त या धातूचा अर्थच कुस्करणे. 'फत्तूश' कोशिंबीरही त्याच घरातली, तिच्यातही शिळ्या रोटीचे तुकडे असतात. शिळ्या पोळीचं काय करायचं हा प्रश्न जगात सगळ्या आयांना पडलेला दिसतो.

—

नेमस्त :

धागा छान. पण उच्चाराचा एक मुद्दा. शीर्षकात मकलूबा आणि आत मअलूबे, असं का? दोन्ही बरोबर आहेत. मूळ अक्षर 'क़ाफ', घशाच्या तळातून येणारा क. जेरुसलेम, नाब्लुससारख्या शहरांतले लोक तो गिळूनच टाकतात, उरतो नुसता आवाजातला अटकाव. खेड्यांत त्याचा साधा क होतो आणि गाझात ग. म्हणजे एकच पदार्थ मअलूबे, मकलूबे आणि मगलूबे. कोण कुठला, हे ताट यायच्या आधीच कळतं. आपल्याकडे 'मी बोललो' आणि 'म्या बोल्लो' वरून कळतं तसंच. मराठीत आपण क लिहितो, म्हणजे नकळत पॅलेस्टिनी खेडूतांच्या बाजूने आहोत.

धातू क-ल-ब, उलटणे. इन्किलाब त्यातूनच आला. मोर्चात 'इन्किलाब जिंदाबाद' म्हणता म्हणता आपण पातेलंच उपडं करत असतो.

आणि मफऊल हा (म्हणजे मकलूबसारख्या कर्मणी धातुसाधितांचा) साचा मराठीला मुळीच नवा नाही. मंजूर, मजकूर, मजबूत, मशगूल, मशहूर ही सगळी मकलूबची चुलत भावंडं. कचेरीत ती राबतात, स्वयंपाकघरात मात्र यांतलं कुणी दिसत नाही.

—

शेपूची जुडी :

@नेमस्त, दिसतं की! तेच सांगायला आले. परवा त्याच ठिकाणी सकाळी गेले होते. ताटात झातर (तीळ घातलेला रानपाल्याचा मसाला), ऑलिव्ह तेल, लबने (चक्क्यासारखं घट्ट दही), काकडी, आणि एका वाटीत अंजिराचं काहीतरी गोड. विचारलं तर म्हणाल्या, "मरब्बा." मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. आमच्याकडे मुरांबा म्हणतात असं सांगितलं तर त्यांना पटेचना.

—

ओली_काजू :

थांबा थांबा. मुरांबा म्हणजे मुरलेला आंबा. साखरेत मुरतो म्हणून मुरांबा. हे शाळेपासून माहीत आहे. यात अरबी कुठून आलं?

—

नेमस्त :

ऐकायला गोड आहे, पण मागाहून जुळवलेलं आहे. अरबीत 'रब्बा' म्हणजे वाढवणे, जोपासणे. त्याचं कर्मणी रूप 'मुरब्बा', जोपासलेलं, म्हणून साखरेत घालून टिकवलेलं. फारसी आणि हिंदुस्तानीत मुरब्बा फक्त आंब्याचा नसतो. आवळ्याचा, सफरचंदाचा, गाजराचाही असतो. मराठीत आला तेव्हा शेवटी 'ब्बा' ऐकून आपल्याला आंबा आठवला, दुसरं काय आठवणार? मग मुरंबा, मोरंबा, मुरांबा.

याच धातूचं कर्तरी रूप 'मुरब्बी', म्हणजे जोपासणारा, पाठीराखा. मराठीत त्याचा अर्थ सरकत सरकत 'मुरलेला, कसलेला' असा झाला. मुरब्बी राजकारणी. तिथेही 'मुरणे'च मध्ये आलं असावं, अशी मला दाट शंका आहे.

—

ओली_काजू :

मग मोरावळा? तिथे आंबा नाही, 'ब्बा' नाही. मोर + आवळा हे सरळ दिसतंय. म्हणजे 'मोर' हा आपला स्वतंत्र शब्द झाला ना!

—

शेपूची जुडी :

याचं उत्तर मी राहते त्या देशात आहे :) हॅम्बर्गर हा शब्द हाम्बुर्ग शहरावरून आला. लोकांनी तो हॅम + बर्गर असा तोडला आणि मग चीजबर्गर, व्हेजबर्गर सुटले. आपण मोरंबा हा मोर + आंबा असा तोडला आणि उरलेला मोर आवळ्याला जोडला. मोरावळा म्हणजे आपला चीजबर्गर. मला तरी हेच पटतं. तुमची चिडचिड समजू शकते. मला स्वतःला दोन दिवस लागले.

—

तिरफळ :

दोन दिवस? मी हा धागा आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "मग कैऱ्या आणू नकोस यंदा."

बरं, 'फ्रीका' कुणी खाल्लाय का? इकडे लंडनला मिळतो, किराण्याच्या दुकानात पाकिटात. हिरव्या गव्हाची कणी, धुराचा वास. कोंबडीच्या सुपात घालतात. त्याचा अर्थ काय?

—

नेमस्त :

फ-र-क, चोळणे. फरीका म्हणजे चोळलेलं. गहू हिरवा असतानाच कापायचा, पेंढ्यांना आग लावायची. वरचं कूस जळतं, आतला दाणा ओला असल्यामुळे जळत नाही. मग चोळून टरफल काढायचं.

हे वाचून ज्याला ओंब्या आठवणार नाहीत तो शहरात वाढलेला. गव्हाच्या असोत की ज्वारीच्या कणसाचा हुरडा, आगटीतून काढून गरम गरम तळहातावर चोळायचा आणि फुंकर मारायची. फरक इतकाच की आपण तो तिथेच फस्त करतो, त्यांनी वाळवून वर्षभराची बेगमी केली. नाव मात्र त्यांनी हाताच्या क्रियेवरून ठेवलं.

—

पाटावरवंटा :

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. गाझाचं नाव आलं म्हणून 'दग्गा' बद्दल. मूळ शब्द 'दक्क़ा', कुटणे. गाझात क़चा ग होतो म्हणून दग्गा. 'झिब्दिये' नावाच्या जाड मातीच्या वाडग्यात लाकडी बत्त्याने मीठ, लसूण आणि हिरवी मिरची आधी ठेचायची. मग शेपूचं बी किंवा ताजा शेपू, मग टोमॅटो, शेवटी लिंबू आणि ऑलिव्ह तेल. ज्या भांड्यात ठेचलं त्याच भांड्यातून रोटीने खायचं. दुसऱ्या भांड्यात काढलं की अर्धी मजा गेली. बाकीच्या पॅलेस्टिनी स्वयंपाकाच्या मानाने गाझाचा हात तिखट, आणि शेपू जिकडेतिकडे.

शेपूच्या बियांना तिथे 'ऐन जरादे' म्हणतात, टोळाचा डोळा. एक दाणा चिमटीत धरून बघा.

(धागाकर्तीचं नाव बघता हे त्यांना आधीच माहीत असेल.)

—

शेपूची जुडी :

नव्हतं! माझ्या नावाचं कारण वेगळंच आहे, लहानपणी शेपूची भाजी टाकून उठायचे म्हणून आजीने ठेवलेलं. टोळाचा डोळा आजीला फार आवडला असता.

—

नाकावर_टिच्चून :

सगळं वाचलं. एक तक्रार करतो. प्रत्येक पदार्थाला 'म्हणजे आपला अमुकतमुक' म्हणायची घाई कशाला? दग्गा म्हणजे ठेचा, फ्रीका म्हणजे हुरडा, उद्या मुसख्खनला चिकन फ्रँकी म्हणाल. मुसख्खन हा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पदार्थ. ऑलिव्हची तोडणी झाली, घाण्यातून नवं तेल आलं की त्यात ढीगभर कांदा आणि सुमाक (एका आंबट फळाची पूड) शिजवतात, कोंबडी भाजतात, आणि ते सगळं ताबूनच्या रोटीवर ओततात. ताबून ही मातीची भट्टी, तळाला तापलेले गोटे. रोटीवर त्यांचे खळगे उमटतात आणि त्या खळग्यांत तेल साचतं. याला आपल्याकडे जोड नाही. नसू द्या की. सुमाकला आमसूल म्हणूनही चालणार नाही. तो आंबट आहे पण कोरडा आंबट, जिभेच्या कडेला लागणारा.

पूर्व भूमध्य भागातल्या स्वयंपाकाला लावतात त्या 'लेव्हंटाइन' या शब्दाचीही मला अशीच चीड आहे. फ्रेंचमध्ये लेव्हां म्हणजे उगवती. पॅरिसवाल्याच्या अंगणातून बघितलं की उगवती, रामल्लावाल्याला कसली? लंडनच्या नॉटिंग हिलमध्ये बेथलेहेमच्या एका शेफने २०२३ साली रेस्तराँ काढलं, त्याचं नाव 'अकूब'. डोंगरावर उगवणाऱ्या एका काटेरी रानभाजीचं नाव. काटे तासायलाच तासन्‌तास जातात. पाटीवर नाव टाकायचं तर असं टाकावं.

—

तिरफळ :

@टिच्चून, तक्रार मान्य. पण माणूस नवी चव घेताना जुनीचा हात धरूनच जाणार ना.

अवांतर : पॅलेस्टिनी, पॅलेस्टिनियन की फिलिस्तीनी?

—

नेमस्त :

मराठीत पॅलेस्टिनी. पॅलेस्टिनियन हे इंग्रजी प्रत्ययासकट उचललेलं, फिलिस्तीनी हिंदीतून आलेलं. अरबीत प नाही, म्हणून ते फलस्तीन. नाब्लुसचंही तसंच: रोमनांच्या काळातलं नेआपोलिस, म्हणजे नवं शहर, प चा ब होऊन नाब्लुस झालं. तिथली कनाफे प्रसिद्ध. खाली नाब्लुसचं पांढरं चीज, वर केशरी कुरकुरीत थर आणि पाक. दुबईच्या कुनाफा-चॉकलेटमुळे मुंबई-पुण्यात आता सगळे कुनाफा म्हणतात, पण झॉननआलेवर कनाफे मागा. आणि हम्मुसला कृपया ह्यूमस लिहू नका. हम्मुस म्हणजे काबुली चणे, ह्यूमस म्हणजे पालापाचोळा कुजून झालेली माती. पुण्यात एका मेन्यूवर 'ह्यूमस विथ पिटा' पाहिलंय.

—

शेपूची जुडी :

@टिच्चून, मुसख्खनबद्दल पूर्ण सहमत. नव्या तेलाचा एकदा खाल्ला, घशाला किंचित खवखवतं ते तेल. त्याला काही म्हणायचं नाही, मुसख्खनच म्हणायचं.

पण एका शब्दाला जोड मिळाली ती सांगतेच. ताट पुढे ठेवताना मालकीणबाई दरवेळी "सहतेन" म्हणतात. सिह्हा म्हणजे तब्येत, त्याचं द्विवचन: दोन तब्येती. (अरबीत संस्कृतासारखं द्विवचन अजून जिवंत आहे.) हे आपल्या 'सावकाश होऊ द्या'च्या जागेवर बसतं, शब्दाने नाही, पण प्रसंगाने आणि सुराने. त्यावर खाणाऱ्याने "अला अल्बेक" म्हणायचं असतं, तुझ्या काळजावर. अल्ब म्हणजे शहरी उच्चारातला क़ल्ब, हृदय. तोच क-ल-ब, जो मकलूबेत उलटतो. आणि जेवून उठताना "तिस्लम इदेकी", तुझे हात सुखरूप राहोत.

मी पहिल्यांदा उत्तर दिलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की आतून नवऱ्याला बोलावून आणलं आणि मला परत म्हणायला लावलं.

तर शेवटचा प्रश्न. 'सावकाश होऊ द्या' म्हटल्यावर आपण उलट काय म्हणतो? मी नुसती मान हलवते.

—

पाटावरवंटा :

आमच्याकडे आजोबा "तुम्ही पण बसा आता" म्हणायचे. वाढणारी कधी बसायची नाही.