विरोधी पक्षनेता नसला तर विरोधकांचं नेमकं काय अडतं?

बर्डीकर:
डिसेंबर २०२४ चं नागपूर अधिवेशन विधानसभेत विरोधी पक्षनेत्याविनाच पार पडलं. २८८ चे दहा टक्के, म्हणजे २९ आमदार लागतात म्हणे. महाविकास आघाडीचे तर ४६ होते! मग पद का नाही? आणि त्यावाचून काय अडतं?

धरमपेठ_वाचक:
आघाडीची बेरीज धरत नाहीत. प्रत्येक पक्षाचा गटनेता वेगळा, प्रतोद (आमदारांना पक्षाचा आदेश बजावणारा) वेगळा. ठाकरेंची शिवसेना २०, काँग्रेस १६, शरद पवारांची राष्ट्रवादी १०. एकटं कुणीच २९ पर्यंत जात नाही.

पण हा आकडा कायद्यात नाही. विरोधी पक्षनेत्यांच्या वेतन-भत्त्यांचा राज्याचा १९७८ चा कायदा एवढंच म्हणतो की विरोधातल्या सर्वांत मोठ्या पक्षाचा नेता, ज्याला अध्यक्षांनी मान्यता दिली आहे. दहा टक्के हा लोकसभेतला, पहिले अध्यक्ष मावळणकर यांच्या वेळचा संकेत. २०१५ मध्ये दिल्ली विधानसभेत ७० पैकी ३ आमदारांवर भाजपला हे पद मिळालं. त्यामुळे 'नियमात बसत नाही' हे उत्तर मला मुळीच पटत नाही. अध्यक्षांनी मनावर घेतलं तर देता येतं.

सिव्हिल_लाइन्स:
तारांकित प्रश्न (मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा), लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना), स्थगन (कामकाज थांबवून चर्चेची मागणी) ही प्रत्येक आमदाराची हत्यारं, ती शाबूत राहतात. माहिती आयुक्तांच्या निवड समितीचंही अडत नाही. मान्यताप्राप्त नेता नसेल तर विधानसभेतल्या सर्वांत मोठ्या विरोधी गटाचा नेता तिथे बसतो, अशी तरतूद २००५ च्या माहिती अधिकार कायद्यातच आहे.

जातं ते कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा, कार्यालय आणि कर्मचारी. यातले कर्मचारी गेले की खरा फटका बसतो. पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पानंतरच्या वाढीव खर्चाच्या मागण्या, मांडल्या जातात आणि काही दिवसांत मंजुरीला येतात. कुठल्या खात्याला, कुठल्या लेखाशीर्षाखाली (खर्चाच्या हिशेबी नोंदीखाली), मूळ तरतूद खर्च झाली नसताना वाढीव पैसे का, हे कुणीतरी ओळ न् ओळ वाचावं लागतं. नागपूरचं ते अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर, म्हणजे अवघे सहा दिवस. तीन पक्ष तीन ठिकाणी वाचत बसले तर भाषणं होतात, हिशेब विचारला जात नाही.

बर्डीकर:
मग एखाद्या गावाचा प्रश्न असेल तर तो न्यायचा कुणाकडे?

धरमपेठ_वाचक:
आमदार निवासात, थेट गटनेत्याच्या किंवा प्रतोदाच्या हाती, एकच पान. शासन निर्णयाचा क्रमांक व तारीख, गाव-तालुका, अडकलेली रक्कम आणि मंत्र्यांकडून कुठलं उत्तर हवं ते एका वाक्यात. ऐनवेळी तारांकित प्रश्नाचा आग्रह नको, त्याची सूचना बरीच आधी द्यावी लागते. लक्षवेधी मागा, आणि जमलं तर तिन्ही पक्षांच्या सह्या एकाच सूचनेवर घ्या. मोर्चा काढणार असाल तर मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला तो अडवतात. तिथून शिष्टमंडळ आत जातं, त्यांच्याकडेही हेच पान असू द्या.