नेटी स्टीव्हन्सचं श्रेय लाटलं गेलं का?

परळची मॅडम
बारावीला लिंगनिश्चिती, म्हणजे नर की मादी हे कसं ठरतं, ते शिकवते. आमच्या क्लासच्या नोट्समध्ये १८९१ साली एक्स गुणसूत्र पाहणारा हेन्किंग येतो आणि तिथून उडी थेट आनुवंशिकीतल्या थॉमस मॉर्गनच्या फळमाश्यांवर. मधली नेटी स्टीव्हन्स गायब! व्हरमाँटमधल्या एका सुताराची ही मुलगी, जन्म १८६१. शाळेत शिकवलं, ग्रंथपालाचं काम केलं, पैसे साठवले आणि पस्तिशीत स्टॅनफर्डला दाखल झाली. आधी शरीरक्रियाशास्त्र, मग ऊतिशास्त्र, १९०३ साली ब्रिन मॉर कॉलेजातून पीएचडी. १९०५ साली पिठातल्या भुंगेऱ्यांच्या पेशी तपासून तिने मांडलं की मादीत २० मोठी गुणसूत्रं असतात आणि नरात १९ मोठी, एक बारकं (आजच्या भाषेत वाय). ते बारकं ज्या शुक्राणूत जातं, त्याच्यापासून नर. १९१२ साली, वयाच्या पन्नाशीत, स्तनाच्या कर्करोगाने गेली. नोबेल १९३३ साली मॉर्गनला.
माझं मत: श्रेय लाटलं गेलं, आणि या धड्यात पहिलं नाव तिचंच हवं. बोला.

मुद्देसूद
‘लाटलं’ला हरकत आहे. त्याच वर्षी एडमंड विल्सन ढेकणाच्या गोत्रातल्या किड्यांवर काम करून स्वतंत्रपणे तिथेच पोचला होता, आणि आपल्या लेखात त्याने स्टीव्हन्सच्या निष्कर्षांची नोंदही घेतली. मॉर्गनचं नोबेल मुख्यतः १९१० नंतरच्या माश्यांच्या कामासाठी. ते मिळालं तेव्हा बाईंना जाऊन २१ वर्षं झाली होती. दिवंगतांना नोबेल देत नाहीत. हयातीत त्यांना कार्नेगी संस्थेचं अनुदान होतं, १९०५ साली १००० डॉलरचं एलेन रिचर्ड्स पारितोषिक होतं. हल्ली प्रत्येक शास्त्रज्ञ बाईची गोष्ट ‘पुरुषांनी चोरलं’ अशीच रंगवायची फॅशन आहे. त्यात तिचं खरं काम वाचायचं राहून जातं.

परळची मॅडम
काम वाचूनच बोलतेय. विल्सनचा भर वृषणांवर होता. अंड्यांत चरबी इतकी की त्या काळच्या रंगांनी गुणसूत्रं नीट दिसत नसत. बाईंनी मादीच्या शरीरपेशीही मोजल्या, म्हणून त्या ठाम बोलू शकल्या. विल्सनने मात्र लिंग ठरण्यात परिस्थितीचाही प्रभाव असेल, असं दार किलकिलं ठेवलं होतं. आणि मॉर्गन? ब्रिन मॉरमध्ये तिला शिकवलेला हा गृहस्थ १९१० पर्यंत गुणसूत्रांच्या सिद्धांतावरच शंका घेत होता. जो मागाहून पटला त्याचा फोटो फळ्याशेजारी, आणि जिने आधी सांगितलं तिचं एक वाक्यही नाही.

मुद्देसूद
एक वाक्य द्या, दोन द्या. ‘पहिलं नाव’ला माझा विरोध कायम. एक्स हेन्किंगने पाहिला, त्याचा संबंध लिंगाशी मॅक्लंगने १९०२ ला जोडला. उलटा जोडला, एक्समुळे नर होतो म्हणाला, पण जोडला. शोध असा साखळीत लागतो.

गोरेगावकर
सगळी चर्चा अमेरिकेची. आपल्या परळला कमल रणदिवे होत्या. कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली, स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी संबंध तपासला. १९८२ ला पद्मभूषण. परळच्याच मॅडमना त्या आठवू नयेत!

परळची मॅडम
आठवतात हो. कर्करोगाच्या धड्यात आणा, मीच शिकवते. इथे धडा लिंगनिश्चितीचा आहे.

धाकटी जाऊ
तुमचं श्रेय-बिय राहू द्या. माझ्या जावेला तिसरी मुलगी झाली तेव्हा बारसंसुद्धा धड झालं नाही. सासूबाई म्हणाल्या, हिच्या कुशीतच मुलगा नाही. अहो, दीर बीएस्सी! तोंडातून शब्द नाही. त्याला ही बाई शिकवली असती, भुंगेऱ्यांचे आकडे पाठ करून घेतले असते, तर निदान तेव्हा तरी बोलला असता की नाही?

तिरकस
नसता बोलला. माहिती नव्हती म्हणून गप्प बसला असं वाटतं तुम्हाला? ऐंशीच्या दशकात याच मुंबईत लोकलच्या डब्यांत गर्भलिंग तपासणीच्या जाहिराती लागत. तपासणारे डॉक्टर काही एक्स-वाय न शिकता पास झाले नव्हते. शेवटी १९८८ साली महाराष्ट्राला देशात पहिल्यांदा कायदा करावा लागला, १९९४ साली केंद्राला. स्टीव्हन्सबाईंच्या मागून आलेल्या ज्ञानानेच सोय करून दिली, असंही म्हणता येईल.

धाकटी जाऊ
म्हणजे शिकवूच नका?

तिरकस
शिकवा. धड्याने सासू बदलते, एवढं मात्र सांगू नका.

निवृत्त डॉक्टर
मधे पडतो. ‘मुलगा-मुलगी बापावर अवलंबून’ हे मीही बाह्यरुग्ण विभागात हजारदा सांगितलंय. लगेच नातेवाईक म्हणायचे, “मग दोष ह्याचा!” दोषाची पाटी एका गळ्यातून काढून दुसऱ्या गळ्यात. कुठला शुक्राणू पोचेल हे बापाच्या हातात नसतं, आणि मुलगी होणं हा आजार नाही. हे दोन्ही एका दमात सांगावं लागतं.
आणि मॅडम, नेटीने माणसाचं कोडं सोडवलं असं कृपया लिहू नका. फळमाशीतही वाय असतो, पण तिथे नर ठरवतो तो नव्हे. पक्ष्यांत दोन वेगळी लिंगगुणसूत्रं मादीत असतात. माणसात वायचं काम स्पष्ट झालं १९५९ साली आणि त्यावरचं नेमकं जनुक हाती लागलं १९९० ला. बाईंनी भुंगेऱ्यापुरतं पक्कं केलं आणि दिशा दाखवली. माझ्या मते ते भरपूर आहे.

मुद्देसूद
डॉक्टरांशी सहमत. पक्षी आले की अर्धे विद्यार्थी गळतात, तो भाग वेगळा.

परळची मॅडम
मान्य, मी भुंगेराच लिहिणार आहे. त्यावरून एक सुचलं. मीलवर्म म्हणून पक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानात मिळतात, त्या याच किड्याच्या अळ्या. प्रॅक्टिकलला कांद्याच्या मुळाची स्लाइड करतोच. तशी कोशातल्या नराची केली तर?

मुद्देसूद
कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाला ते बारकं गुणसूत्र दिसेल असं वाटत नाही. तेलातलं भिंग लागेल, आणि कोशांतले नर ओळखणार कोण?

परळची मॅडम
भिंग आहे एक, कपाटात कुलुपात. किल्ली लॅब असिस्टंटकडे. सोमवारी मागते.